सोलापूर मागे का पडले, आणि परत जाऊन तिथे काय करता येईल?

विचारणारा तरुण सोलापूरच्या पूर्व भागातला आहे. वडिलांचे जेकार्डचे, म्हणजे कापडात नक्षी विणणारे, काही माग आहेत, चादरी निघतात. तो स्वतः पुण्यात नोकरी करतो. वडील म्हणतात, आता माग भंगारात घालू आणि जागा भाड्याने देऊ. त्याचे दोन प्रश्न आहेत. गिरण्यांमुळे देशभर माहीत असलेले हे शहर मागे का पडले? आणि आपण परत येऊन धंदा सांभाळावा, की वडिलांचे ऐकावे?

माझे आयुष्य सुताच्या आणि तयार मालाच्या व्यवहारात गेले. चाटी गल्लीतली दुकाने, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, अशोक चौकापलीकडचे छोटे कारखाने या सगळ्यांशी देणे-घेणे आहे. म्हणून आधी माझे मत सांगतो. सोलापूरला रस्ते कधी कमी पडले नाहीत, कामाला हात कमी पडले नाहीत, गिऱ्हाईकही कमी पडले नाही. कमी पडले ते पाणी. आणि पाण्याखालोखाल कमी पडले ते आपल्या मालावरचे आपले नाव राखणे. या शहरात जे धंदे टिकले आणि जे बसले, त्यांचा हिशेब बहुतेक वेळा या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतो. तुमचा निर्णयही तिथेच होईल.

नकाशा समोर घ्या. सोलापूर कोणत्याही मोठ्या नदीच्या काठावर नाही. पश्चिमेला सीना, दक्षिणेला भीमा, आणि शहर बसले आहे या दोघींच्या मधल्या चढावर. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंची, खाली काळा बेसाल्ट, वर कुठे काळी माती तर कुठे नुसता मुरूम. पाऊस वर्षाला सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटर, तोही बराचसा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवरचा. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा ठिकाणी एवढे मोठे शहर (२०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख वस्ती) पाण्यामुळे उभे राहत नाही. ते वाटांमुळे उभे राहते.

पुण्याहून हैदराबादला जाणारी वाट आणि मराठवाड्यातून विजापूरकडे उतरणारी वाट इथे एकमेकींना छेदतात. आजचे राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि ५२ हे त्याच जुन्या वाटांचे डांबरी रूप आहे. भुईकोट किल्ला इथे का बांधला, याचे उत्तरही तेच. बहमनी काळातला हा किल्ला. बहमनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही त्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडल्या. विजापूरची राजकन्या निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर हुंड्यात देण्याचे ठरले आणि दिले गेले नाही, त्यावरून लढाया झाल्या. पुढे चांदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूर पुन्हा हुंड्याच्या यादीत आले. सुपीक नसलेल्या मुलखासाठी कुणी एवढे भांडत नाही. भांडण नाक्यासाठी होते. पेशवाईच्या शेवटीही तेच. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने हा किल्ला घेतला आणि दक्षिणेतला पेशव्यांचा एक शेवटचा आधार गेला.

इंग्रजी अमलात सोलापूर १८३८ साली जिल्ह्याचे ठाणे झाले, १८५२ साली नगरपालिका आली आणि १८६० साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीची रेल्वे पोचली. गिरण्यांच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रेल्वेने मुंबईचे भांडवल, कोळसा आणि यंत्रे आत आणली. पण सोलापूरला मजूर कुठून मिळाले, हे समजायला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शहराच्या पूर्वेला काही कोसांवर निजामाची हद्द सुरू होत होती. तुळजापूर, नळदुर्ग हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. दुष्काळ पडला, सावकारी वाढली, हातमागाला गिऱ्हाईक उरले नाही, की तेलंगणातला विणकर आपले सामान बांधून या हद्दीवरच्या शहरात येई. पद्मशाली हा तेलुगू विणकर समाज असा आला. आजचा आपला पूर्व भाग, म्हणजे तुमचे घर, या येण्यातून वसला. मार्कंडेय मंदिर, नारळी पौर्णिमेचा रथोत्सव, तेलुगू शाळा, ही त्या लोकांनी इथे लावलेली मुळे. कन्नड तर इथली आधीपासूनचीच. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर कन्नडमध्ये वचने लिहीत होते. त्यांच्या नावाची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक आजही शहराचा सर्वांत मोठा सण आहे. ज्या सिद्धरामेश्वरांना आपण ग्रामदैवत मानतो त्यांनी लोकांना सोबत घेऊन तळे खोदले, अशी परंपरा सांगते. पाण्याचे मोल या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

हद्दीवरच्या या जागेचे महत्त्व सप्टेंबर १९४८ मध्ये पुन्हा दिसले. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहूनच निघाली आणि नळदुर्गमार्गे याच हैदराबाद रस्त्याने पुढे सरकली.

आता गिरण्या. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली आणि १८७७ मध्ये सुरू झाली. गावात तिला कुणी त्या नावाने ओळखले नाही, ती जुनी मिल. मग हैदराबादच्या सावकारी घराण्याच्या नावाची नरसिंगगिरजी, मग लक्ष्मी, विष्णू, जाम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत होता. रेल्वेमुळे कापूस येणे सोपे झाले. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, आणि १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी तो माल मुख्य मार्गापर्यंत आणू लागली.

गिरण्यांना स्वस्त मजूर पुरवायला सरकारने आणखी एक मार्ग काढला, तो सांगायलाच हवा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांना शहराच्या कडेला काटेरी तारेच्या कुंपणात ठेवले आणि तिथून गिरण्यांत कामाला नेले. हजेरी, परवानगी, पुन्हा कुंपण. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. सोलापूरच्या कापडाच्या इतिहासात हा कुंपणाआडचा घाम आहे, आणि तो वगळून गिरण्यांचे वैभव सांगणे मला पटत नाही.

कामगारांचे शहर असल्यामुळेच १९३० मध्ये इथे जे घडले ते देशात वेगळे ठरले. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. ८ मेला रूपाभवानीच्या परिसरात, ज्यांपासून दारू बनते ती शिंदीची झाडे तोडण्यावरून जमावावर गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. शहर पेटले, पोलीस मागे हटले. ९, १०, ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ता नव्हती. काँग्रेसचे स्वयंसेवक बंदोबस्त बघत होते. १२ मेला लष्करी कायदा लागला, तो जूनअखेरपर्यंत होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. तुम्ही सुटीला घरून पुण्याकडे निघता ती सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस याच चौघांची आठवण घेऊन धावते.

स्वातंत्र्यानंतर घसरण सुरू झाली ती जुन्या मिलपासूनच. १९४९ मध्ये गैरव्यवस्थापनामुळे गिरणी बंद पडली, हजारो घरांच्या चुली विझायची वेळ आली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि मग खास कायदा करून गिरणीचा कारभार हातात घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातला चिरंजितलाल चौधरी यांचा १९५० चा खटला आणि द्वारकादास श्रीनिवास यांचा १९५३ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात, कारण राज्यघटनेतल्या समानतेचा आणि मालमत्तेच्या हक्काचा अर्थ तिथे प्रथम घासून पाहिला गेला. सोलापूरची एक गिरणी भारताच्या घटनेच्या इतिहासात अशी जाऊन बसली. गिरणी मात्र वाचली नाही. साठच्या दशकात ती कायमची थांबली. पुढे नव्वदच्या दशकापासून लक्ष्मी-विष्णू आणि मागोमाग नरसिंगगिरजीही गेल्या. यंत्रे जुनी झाली होती, नफा नव्या यंत्रांत घातला गेला नव्हता, आणि यंत्रमागावरचे कापड गिरणीपेक्षा स्वस्त पडत होते.

इथे एक समज दुरुस्त करू या. गिरण्या गेल्या म्हणून सोलापूर लगेच बसले, असे झाले नाही. पुढची तीस-चाळीस वर्षे शहर यंत्रमागाने चालवले. हातमागवाल्याने एक माग घेतला, मग दोन, मग चार. घराखाली माग, वर संसार. गिरणीत भांडवल आणि कौशल्य वेगवेगळ्या घरांत होते. पूर्व भागात ते एका घरात आले. तुमच्या वडिलांची पिढी ही त्याची सर्वांत कर्तबगार पिढी.

चादरीबद्दल थोडे थांबून बोलतो, कारण तुम्ही जे विकायला निघाला आहात ते काय आहे हे नीट पाहायला हवे. खऱ्या सोलापुरी चादरीची एक कडा उलटून बघा. वरच्या बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खाली तोच मोर तांबडा आणि जमीन पांढरी. ही छपाई नव्हे. दोन रंगांचे ताणे (उभे धागे) एकाच वेळी विणले जातात, म्हणजे एकावर एक दोन कापडे. नक्षी जिथे हवी तिथे जेकार्डचे हूक खालचा रंग वर उचलतात आणि वरचा खाली दाबतात. मागाच्या डोक्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, छिद्र नसेल तिथे तो खालीच राहतो. एका मोरासाठी असे शेकडो पुठ्ठे लागतात, आणि त्यातला एक फाटला तर मोराच्या मानेत आडवी रेघ येते. मागवाला ती रेघ आवाजावरून ओळखतो. खटका चुकला की तो माग बंद करतो आणि मग वर बघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे चादरीचे सूत विणण्याआधी रंगते. लड्या रंगखान्यात जातात, उकळत्या रंगात बुडतात, पुन्हापुन्हा धुतल्या जातात, वाळतात, मग बाण्याची कांडी आणि ताण्याचा बीम भरले जातात. रंग पक्का बसला पाहिजे, म्हणून पाणी भरपूर हवे आणि ते फार क्षारांचे नको. सोलापूरचे बोअरचे पाणी जड. इथपासून आपली अडचण सुरू होते.

चादर बसली त्याची कारणे मी दुकानातून पाहिली आहेत. पानिपतची पॉलिस्टरची मऊ ब्लँकेटे आली. वजनाला हलकी, लवकर वाळणारी, रंग भडक, भाव कमी. लग्नात आहेर म्हणून सोलापुरी चादर देण्याची पद्धत होती, तिथे ती घुसली. त्याहून वाईट म्हणजे पानिपतच्याच मालावर ‘सोलापुरी’ अशी चिठ्ठी लागून तो देशभर खपू लागला. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव फक्त इथल्याच मालाला वापरण्याचा कायदेशीर हक्क, आहे, चादरीला तर २००५ च्या सुमारासच मिळाले. पण मानांकन कागदावर मिळवणे हे पहिले काम, आणि ते बाजारात राखणे हे खरे काम. नकली मालावर दावे लावणे, गिऱ्हाइकाला खरी चादर ओळखायला शिकवणे, सगळ्या कारखान्यांनी एकच खूण वापरणे, यांतले काहीच आपण नेटाने केले नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याचे डिझाइन उचलले आणि भाव दोन रुपयांनी पाडला. सुताचा दर वर गेला की भाव वाढवायची कुणाची हिंमत नाही, मग धागा बारीक करायचा, वजन कमी करायचे. गिऱ्हाईक मूर्ख नसते. दोन धुण्यांत त्याला कळते.

टॉवेल तगला. आज पूर्व भागातल्या मागांवर टेरी टॉवेल आणि नॅपकिन जास्त निघतात, आणि निर्यातीचा मालही त्यातच आहे. टॉवेलला फॅशन कमी लागते, पण धुलाई आणि रंगाई त्यालाही लागते. म्हणजे पुन्हा पाणी.

सोलापूरचे पाणी येते कुठून? जुना आधार एकरूखचा, म्हणजे आपला हिप्परगा तलाव. तो १८७१ सालचा, अदिला नदीवरचा, इंग्रजांच्या सुरुवातीच्या मोठ्या सिंचन कामांपैकी एक. दुसरा आधार भीमेवरची टाकळीची पाणी उपसा योजना. तिसरा आणि मोठा आधार भीमेवरचे उजनी धरण. उजनीत पूर्ण क्षमतेला ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, पण त्यातले निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे दारांतून सोडता न येणारे तळाचे पाणी असते. ते धरण भरते ते सोलापूरच्या पावसाने भरत नाही. सह्याद्रीवर, भीमाशंकरपासून मुळशीपर्यंत पडलेला पाऊस पुण्याच्या धरणांतून खाली येतो तेव्हा ते भरते. म्हणजे सोलापूरच्या नळाचे भवितव्य दोन-अडीचशे किलोमीटर पलीकडच्या ढगांवर. २०२३ च्या पावसाळ्यात धरण जेमतेम ६० टक्क्यांपर्यंत गेले, आणि पुढचा उन्हाळा शहराने कसा काढला हे घरी विचारा.

उजनीतून शहरापर्यंत साधारण ११० किलोमीटरची जलवाहिनी आहे. ती पुरत नाही म्हणून टाकळीसाठी नदीपात्रातून पाणी सोडतात. ते भीमेच्या वाळूतून, वळणावळणाने दोनशेहून अधिक किलोमीटर वाहत टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यात येते. वाटेत काही जमिनीत मुरते, काही वाफ होऊन जाते, बरेचसे काठावरचे पंप ओढून घेतात. शहराला हवे त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते तेव्हा औज भरतो. रोज १७० दशलक्ष लिटर पाणी आणणारी दुसरी समांतर जलवाहिनी यासाठीच मंजूर झाली आणि वर्षानुवर्षे रखडली. घरात चार-पाच दिवसांआड नळ येतो ही सवय एवढी अंगवळणी पडली आहे की टाकी किती मोठी यावर लग्नाची स्थळे बघितली जातात.

आणि हे त्याच जिल्ह्यात, जिथे राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने आहेत. उसाला दोष देणे सोपे आहे, पण शेतकऱ्याला हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या पिकात दिले? मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे, मालदांडीची एम ३५-१ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रातली, आणि महाराष्ट्र अजून तिची भाकरी खातो. पण ज्वारीने मुलाची फी भरता येत नाही, उसाने येते. या मुलखातले पाण्याचे राजकारण एवढ्या साध्या हिशेबातून निघते. सांगोला-पंढरपूरच्या शेतकऱ्याने कमी पाण्यावर डाळिंब उभे केले, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये आले, २०१६ मध्ये मानांकन मिळाले. तिथे तेल्या रोगाने बागा नेल्या. प्रत्येक पर्यायाला स्वतःची जोखीम आहे.

रंगखान्यांकडे येतो. पाणी नाही म्हणून मोठे प्रक्रियागृह, म्हणजे कापडाची धुलाई-रंगाई करणारा कारखाना, इथे वाढले नाही. प्रक्रियागृह नाही म्हणून आपला टॉवेल बऱ्याचदा ठरावीक प्रतीच्या पुढे गेला नाही. पुढची प्रत नाही म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून नवे माग नाहीत. इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर आहे, तिला रंगाईला पाणी मिळाले आणि त्याचबरोबर नदी बिघडवल्याचा दोषही आला. आपल्याकडे ना पाणी, ना सांडपाण्याची नीट सोय. सोलापुरात कापडाचा पुढचा टप्पा गाठायचा तर सांडपाणी शुद्ध करून तेच पुन्हा वापरणारी सामाईक सोय हवी. ती एकट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यासाठी संघटना आणि महापालिका दोघांनी बसायला हवे, आणि त्यासाठी मी जिवंत असेपर्यंत बोलत राहीन.

या सगळ्यात शहर कशावर जगले? बायकांच्या हातांवर. पूर्व भागातल्या घराघरांत विडी वळली जाते. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपत्ता, तंबाखू, दोरा आणायचा, पाने भिजवून कापायची, वळायची, बांधायची, हजारच्या हिशेबाने जमा करायची, आणि छाट, म्हणजे नापास ठरलेली विडी, निघेल तेवढी मजुरीतून जाते. मागावरच्या नवऱ्याची मजुरी आणि विडीवरच्या बायकोची मजुरी मिळून संसार चालला. या बायकांसाठी कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाची सुमारे दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये तिची घरे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरे पंतप्रधान मोदींनी सुपूर्द केली. दोन्हींमागे कामगार नेते नरसय्या आडम यांचा अनेक वर्षांचा लढा आहे. असंघटित कामगारांची एवढी मोठी घरबांधणी देशात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. सोलापूरला मागे पडलेले म्हणताना हेही तराजूत टाका.

बाकीचे धंदे थोडक्यात. सिद्धेश्वर बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत शेकडो ट्रक कांदा येतो आणि तो दक्षिणेकडे जातो, हे पुन्हा नाक्याचे काम. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कॅमशाफ्टपासून रसायनांपर्यंत माल बनतो. प्रिसिजन कंपनीचे कॅमशाफ्ट परदेशी मोटारींत बसतात, रसायने बनवणारी बालाजी अमाइन्स १९८८ मध्ये निघाली. रुग्णालये धाराशिव, कलबुर्गी, विजयपुराच्या रुग्णांनी भरलेली असतात. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरला जाणारे भाविक इथे उतरतात. २००४ पासून एका जिल्ह्यापुरते का होईना स्वतंत्र विद्यापीठ आहे. विमानतळाचा वाद सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर अडला होता, ती जून २०२३ मध्ये पाडली.

यांत तुमच्या कामाचा आहे तो शिलाईचा धंदा. शाळेचे गणवेश. गेल्या वीसेक वर्षांत सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने वाढले, २०१७ पासून इथल्या तयार कपडे उत्पादक संघाने गणवेशांचे प्रदर्शन भरवायला सुरुवात केली आणि देशभरचे खरेदीदार त्यामुळे इथे आले. हा धंदा इथे का रुजला ते बघा. कापड बाहेरून तयार येते, पाणी लागत नाही, हात लागतात, आणि माल चारी दिशांना पाठवायला रस्ते लागतात. जे आपल्याकडे आहे त्यावर तो उभा आहे आणि जे नाही ते तो मागत नाही. विडी सोडून मशीनवर बसणाऱ्या मुली त्यात आल्या. त्यांच्या आयांच्या बोटांचे कसब इथे वेगळ्या कामाला आले.

आता तुमच्या घरचे. वडील थकले आहेत, त्यांचे बोलणे हलके घेऊ नका. ज्या माणसाने हप्त्याच्या शनिवारी स्वतःच्या खिशातून पगार भागवले आहेत त्याला धंद्याची खरी किंमत माहीत असते. सगळे माग आहेत तसे चादरीवर चालवायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. पण सगळे भंगारात घालू नका. दोन चांगले जेकार्ड ठेवा. भंगारवाला लोखंडाचा भाव देईल. त्या मागावर जे निघते ते आज पुन्हा उभे करायला त्याच्या कितीतरी पट खर्च येईल, आणि तो लावणारा मिस्त्रीही मिळणार नाही. त्या दोन मागांवर फक्त ठरलेल्या गिऱ्हाइकाची चादर आणि वॉलहँगिंग काढा. पूर्ण वजन, पक्का रंग, मानांकनाची खूण, मागे कारखान्याचे नाव, आणि भाव जो पडतो तोच. संख्या कमी राहील, राहू द्या. पुण्यात, मुंबईत, परदेशात गेलेला सोलापूरकर आणि मराठी माणूस खऱ्या चादरीसाठी पैसे मोजायला तयार असतो. त्याला खात्री हवी असते, आणि आजवर ती त्याला कुणी देत नव्हते. तुम्ही ज्या कामात आहात त्यातले विक्रीचे आणि गिऱ्हाइकापर्यंत थेट पोचण्याचे ज्ञान इथे उपयोगाला येईल. दलालाचे नव्वद दिवसांचे उधार टळले तरी निम्मी लढाई जिंकली.

राहिलेल्या जागेत शिलाई टाका. सुरुवातीला दुसऱ्याच्या मागणीचे काम घ्या, स्वतःचा ब्रँड पहिल्या वर्षी नको. कारागीर वस्तीतच आहेत, त्यांना घराजवळ, पंख्याखाली, वेळेवर पगाराचे काम द्या. विडीच्या मजुरीपेक्षा ते त्यांना परवडेल आणि तुम्हालाही.

टॉवेलमध्ये नव्याने मोठे पैसे घालायचे असतील, रॅपियर (धोट्याविना चालणारे वेगवान) माग घ्यायचे असतील, तर आधी पाण्याचा कागद बघा. जोडणी किती इंचाची, टँकरवर किती दिवस काढावे लागतात, रंगखान्याचे पाणी कुठे जाते, त्याला प्रदूषण मंडळाची परवानगी आहे का. हे चार प्रश्न बँकेच्या माणसाआधी तुम्ही विचारा. उन्हाळ्यातले तीन महिने ज्या हिशेबात धरलेले नाहीत तो प्रकल्प अहवाल बाजूला ठेवा, मग तो कुणीही करून दिलेला असो.

आणि नोकरी लगेच सोडू नका. हुतात्माने चार तासांत घरी पोचता येते. पहिला हंगाम, म्हणजे दिवाळी ते लग्नसराई, वडिलांसोबत दोन मागांचा माल स्वतः विकून बघा. शाळांच्या गणवेशांच्या मागण्या उन्हाळ्यात ठरतात, तेव्हा शिलाईचे नमुने हातात असले पाहिजेत. त्या दोन हंगामांचे वहीखाते घेऊन मला येऊन भेटा, सुताचा दर तेव्हा काय असेल त्यावर पुढचे बोलू.